डावी पुस्तकं वाचायची तर भांडणासकट वाचा

डाव्या पुस्तकांवर हिरीरीने बोलणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन गट असतात. एकाला ती विष वाटतात, दुसऱ्याला पोथी, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडच्या बऱ्याच जणांनी ती उघडून बघितलेलीसुद्धा नसतात. पहिल्या गटाला स्टालिनचं नाव पुरतं, दुसऱ्याला दोनचार घोषणा पुरतात. मधल्यामधे एखादी पोरगी किंवा पोरगा खरंच विचारतो की मला वाचायचंय, कुठून सुरू करू, तर त्याच्या हातात पन्नास पुस्तकांची यादी टेकवली जाते, तो बिचारा पहिल्याच पुस्तकाच्या तिसऱ्या पानावर अडकतो आणि मग तोही या दोनपैकी एका गटात जाऊन बसतो, कारण गटात बसायला वाचावं लागत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ही पुस्तकं वाचावीत, अगदी जहाल म्हणतात ती पण वाचावीत, फक्त एकेकटी वाचू नयेत. यातला खरा माल शेवटच्या निष्कर्षात नसतोच, तो असतो पुराव्यात आणि या लोकांच्या आपसातल्या भांडणात. आणि नेमक्या याच दोन गोष्टी भक्त आणि विरोधक दोघंही गाळतात.

आधी पुरावा. मार्क्सच्या 'कॅपिटल'चा पहिला खंड १८६७ मध्ये आला, हजार प्रती छापल्या होत्या आणि त्या खपायला चारेक वर्षं लागली. सुरुवातीची प्रकरणं म्हणजे वस्तू, मूल्य, पैसा, सगळं एकदम घट्ट. बहुतेक लोक इथेच पुस्तक मिटतात आणि मग आयुष्यभर 'वाचलंय थोडं' म्हणत फिरतात. पण खुद्द मार्क्सने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्या मित्राला, डॉक्टर कुगेलमनला, पत्र लिहून कळवलं होतं की तुमच्या बायकोला सांगा, आधी कामाच्या दिवसावरचं प्रकरण वाचा, मग सहकार्य, श्रमविभागणी आणि यंत्रांवरचा भाग, आणि मग भांडवल मुळात जमा कसं झालं ते. म्हणजे लेखकच सांगतोय की मधून सुरू करा! तरी आपल्याकडे पान एकपासूनच सुरू करायचं हा हट्ट, जणू काही परीक्षेला बसायचंय.

ते कामाच्या दिवसावरचं प्रकरण उघडा. त्यात मेरी अ‍ॅन वॉकली नावाची वीस वर्षांची मुलगी आहे, लंडनमध्ये बड्या घरच्या बायकांचे पोशाख शिवणाऱ्या एका नामांकित दुकानात कामाला. १८६३ चा जून, नव्या युवराज्ञीच्या सन्मानार्थ नृत्यसमारंभ, त्यासाठीचे झगे तातडीने हवेत. ही मुलगी सलग साडेसव्वीस तास शिवत होती, बरोबर आणखी साठ मुली, एका खोलीत तीस, आणि खोलीत हवा लागते त्याच्या एक तृतीयांशच. शुक्रवारी आजारी पडली, रविवारी गेली, आणि मार्क्स तिथे एक असं वाक्य घालतो की वाचताना दात आवळले जातात: हातातलं काम पुरं न करताच ती मेली याचं मालकिणीला आश्चर्य वाटलं. डॉक्टरने चौकशीत स्वच्छ सांगितलं की जास्त तास आणि कोंदट खोली, पंचांनी लिहिलं मेंदूचा झटका, फक्त अतिश्रमाने मरण लवकर आलं असावं अशी भीती आहे. त्याच प्रकरणात विल्यम वुड पण भेटतो. वय नऊ, मातीची भांडी करणाऱ्या कारखान्यात सात वर्षं दहा महिन्यांचा असताना लागलेला, सकाळी सहाला यायचा, रात्री नऊच्या सुमारास सुटायचा.

आता हे सगळं मार्क्सने आणलं कुठून? सरकारी कारखाना निरीक्षकांचे अहवाल, संसदेच्या समित्यांसमोरच्या साक्षी, वर्तमानपत्रातल्या बातम्या. लिओनार्ड हॉर्नर नावाच्या निरीक्षकाचं तर तो तोंडभरून कौतुक करतो, आणि हा माणूस काही क्रांतिकारक नव्हता, सरकारी नोकर होता. म्हणजे ज्या पुस्तकाला लोक भडकाऊ म्हणतात त्याचा सगळ्यात भडकाऊ भाग सरकारी कागदांतून उतरवून घेतलेला आहे. तुम्हाला मार्क्सचा मूल्याचा सिद्धांत, म्हणजे वस्तूचं मूल्य तिच्यात गेलेल्या श्रमावर ठरतं हा, पटो न पटो, (मला स्वतःला तो जसाच्या तसा पटत नाही, मोठमोठ्या डाव्या अर्थशास्त्रज्ञांनाही पटलेला नाही), पण वॉकली मेली हे त्याने बदलत नाही. आणि कामाचे तास कायद्याने का बांधावे लागले, बाजारावर सोडून का भागलं नाही, हा प्रश्न ते प्रकरण वाचल्यावर डोक्यातून जात नाही. हा वाचनाचा खरा फायदा, विचारसरणी स्वीकारणं हा पुढचा आणि वेगळा विषय.

एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'कॅपिटल'चा पहिला परदेशी अनुवाद झाला रशियनमध्ये, १८७२ ला, म्हणजे झारच्या राज्यात, जिथे सेन्सॉर कडक. सेन्सॉरवाल्यांनी पुस्तक वाचलं आणि पास केलं, का तर म्हणे हे फार थोडे लोक वाचतील आणि त्याहून थोड्यांना कळेल! छापल्या तीन हजार प्रती. आणि तो अनुवाद आधी हातात घेतला होता बाकुनिन या रशियन अराजकवाद्याने, त्याने आगाऊ पैसे घेतले आणि काम अर्धवट टाकलं, जे पुढे लोपातिन आणि डॅनियलसन यांनी पुरं केलं.

बाकुनिनचं नाव आलंच आहे तर भांडणाकडे येऊ. १८७२ च्या हेग अधिवेशनात मार्क्सच्या बाजूने त्याला इंटरनॅशनलमधून, म्हणजे कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून, काढून टाकलं. पुढच्याच वर्षी बाकुनिनने एक पुस्तक लिहिलं, त्यातला मुद्दा असा की तुम्ही म्हणता कामगारांचं राज्य, पण राज्य चालवणार कोण, निवडून आलेले कामगार, आणि ते एकदा खुर्चीत बसले की कामगार राहणार नाहीत, सरकारच्या उंचीवरून खालच्या कष्टकऱ्यांकडे बघायला लागतील. मार्क्सने हे पुस्तक वाचताना आपल्या वहीत उतारे काढून मधेमधे शेरे मारलेत. तिथे तो खवचटपणे लिहितो, का, एखादा कारखानदार नगरपालिकेचा सदस्य झाला म्हणून भांडवलदार राहत नाही का? शेरा झकास आहे. पण विसावं शतक बघितलेल्या माणसाने हे दोन्ही शेजारी ठेवून वाचलं तर वाद कोणी जिंकला ते सांगायला लागत नाही. या मुद्द्यावर बाकुनिन बरोबर ठरला, अगदी क्रूरपणे बरोबर. म्हणून बाकुनिनला डोक्यावर घ्यायचं कारण नाही, त्याच्या लिखाणात ज्यूद्वेष आहे, गुप्त कटांचं वेड आहे. पण नुसता मार्क्स वाचणाऱ्याला हा इशारा मिळतच नाही, आणि नुसत्या मार्क्सविरोधकाला हे माहीत नसतं की हा इशारा डावीकडूनच, तोही क्रांतीच्या चव्वेचाळीस वर्षं आधी आला होता.

हेच पुढे रोझा लक्झेंबर्ग या जर्मनीतल्या मार्क्सवादी पुढारी बाईचं. १९१८ मध्ये जर्मन तुरुंगात बसून तिने रशियन क्रांतीवर लिहिलं. तिचं ते एक वाक्य सगळीकडे फिरतं, स्वातंत्र्य म्हणजे नेहमी वेगळा विचार करणाऱ्याचं स्वातंत्र्य, आणि ते फिरवणाऱ्यांना वाटतं की बाई उदारमतवादी होत्या आणि लेनिनच्या विरोधात होत्या. पुस्तिका वाचा मग कळेल. ऑक्टोबर क्रांतीच्या बाजूने ती ठाम उभी आहे, बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या पक्षाने, धाडस केलं म्हणून त्यांची पाठ थोपटते, आणि त्याच दमात विचारते की संविधान सभा का मोडली, वर्तमानपत्रं का बंद केली, सभा आणि निवडणुका नसतील तर सार्वजनिक जीवन हळूहळू झोपी जाईल आणि उरेल फक्त नोकरशाही. शिवाय शेतकऱ्यांना जमीन वाटली यावरही तिची टीका आहे, तीही आणखी डावीकडून! म्हणजे कुठल्याच एका खणात ती बसत नाही. १५ जानेवारी १९१९ ला तिला मारून प्रेत कालव्यात टाकलं, मारणारे उजव्या निमलष्करी टोळ्यांचे आणि सत्तेत होते समाजवादी सोशल डेमोक्रॅट. पुस्तिका छापली गेली १९२२ मध्ये, पॉल लेव्हीने, आणि तोवर लेव्हीला कम्युनिस्ट पक्षाने हाकललेलं होतं. पक्षात असताना हे छापणं त्याला किती सोपं गेलं असतं याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

एमा गोल्डमन, अमेरिकेने हद्दपार केलेली अराजकवादी, मोठ्या आशेने रशियात गेली आणि १९२१ मध्ये क्रोनस्टाडच्या नाविक तळावरचं खलाशांचं बंड बोल्शेविकांनी गोळीबाराने चिरडल्यावर बाहेर पडून तिने आपल्या भ्रमनिरासावर लिहिलं. क्रांतीतला लेनिनचा साथीदार आणि पुढे स्टालिनचा विरोधक झालेल्या ट्रॉट्स्कीने स्टालिनच्या नोकरशाहीवर लिहिलं, आणि क्रोनस्टाडच्या खलाशांना चिरडणाऱ्यांत तो स्वतः होता, हे त्याच्याबरोबर वाचायला हवं की नको? हे सगळं वाचल्यावर मला तरी असं वाटतं की डाव्या राजवटींवरची सगळ्यात सणसणीत, आतल्या माहितीची टीका डाव्यांनीच केलेली आहे. ज्याला कम्युनिझमवर टीका करायचीय त्याने तर ही पुस्तकं आधी वाचावीत, हत्यारं तिथेच ठेवलीत.

आणि उलट बाजूने बघा, हे भांडण काढून टाकलं की काय होतं. १९३८ मध्ये सोव्हिएत पक्षाच्या इतिहासाचं ते प्रसिद्ध छोटं पाठ्यपुस्तक आलं, कोट्यवधी प्रती, डझनावारी भाषा, आणि त्यात इतिहास म्हणजे पक्ष नेहमी बरोबर, विरोधक सगळे हेर नाहीतर गद्दार. माओची लाल वही त्याच्या पुढची पायरी. वचनं, फक्त वचनं, प्रत्येक वचन मूळ भाषणातून, मूळ प्रसंगातून कापून काढलेलं. १९६४ मध्ये ती आधी सैन्यासाठी निघाली आणि मग हातात धरून हलवायची वस्तू झाली. त्याच्या थोडंच आधी, १९५९ ते १९६१, चीनमध्ये दुष्काळात कोटीच्या घरात माणसं गेली होती, ज्यात धोरणाचा वाटा सरळ होता, आणि पेंग देहुआई या सेनानीने १९५९ ला लुशानच्या बैठकीत माओला पत्र लिहून तक्रार केली तर त्याला पदावरून काढलं. भांडण बंद करण्याची किंमत ती ही. आज रील्समध्ये आणि पोस्टरवर क्रांतिकारकांचे कोट फिरतात ना, तेही त्या लाल वहीचेच वंशज, फक्त फाँट चांगला असतो.

फ्रांत्झ फॅनन हा या कापाकापीचा सगळ्यात मोठा बळी. १९६१ चं त्याचं पुस्तक, वसाहतीतल्या नागवलेल्या माणसांवरचं, लोकांना कशासाठी माहीत असतं, तर पहिल्या प्रकरणातल्या हिंसेसाठी, आणि त्याहून जास्त सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या प्रस्तावनेसाठी, जी फॅननपेक्षाही आक्रमक आहे. मित्र त्याला क्रांतीचा ऋषी म्हणतात, शत्रू खूनखराब्याचा वकील. तिसरं प्रकरण फारसं कोणी काढत नाही, जिथे तो सांगतो की परके गेले की देशी उच्चभ्रू त्यांच्याच खुर्च्यांत बसतील, दलाली करतील, एका नेत्याची आरती ओवाळतील आणि राष्ट्रवाद हळूहळू वंशाच्या न् टोळ्यांच्या भांडणात घसरेल. आणि शेवटचं मोठं प्रकरण तर बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं. फॅनन मानसोपचारतज्ज्ञ होता, फ्रेंचांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध चाललेल्या अल्जेरियात ब्लिडाच्या इस्पितळात काम केलेला, आणि या प्रकरणात त्याने रुग्णांच्या नोंदी दिल्यात. एक युरोपियन पोलीस इन्स्पेक्टर येतो, दिवसभर कैद्यांचा छळ करतो आणि हल्ली घरी बायकोला, पोरांना, अगदी तान्ह्यालाही मारायला लागलाय. तो डॉक्टरकडे काय मागतो? नोकरी सोडायचा सल्ला नाही, तर मनाला टोचणी न लागता छळ कसा करता येईल ते बघा म्हणतो. पुढे दोन अल्जेरियन पोरं आहेत, तेरा-चौदा वर्षांची, ज्यांनी आपल्याच खेळगड्याला, एका युरोपियन मुलाला, मारलंय. ज्याने बॉम्ब ठेवून दहा माणसं मारली आणि आता वर्षातली ती ठराविक तारीख जवळ आली की ज्याची झोप उडते, तो स्वातंत्र्यसैनिक पण आहे. पहिल्या प्रकरणात जो हिंसेला मोकळं करणारी म्हणतो तोच शेवटच्या प्रकरणात ती मारणाऱ्याच्या डोक्याचं काय करते ते नोंदवून ठेवतो. हा फॅननचा स्वतःशीच चाललेला वाद आहे. पुस्तक आलं आणि काही दिवसांत तो रक्ताच्या कर्करोगाने गेला, वय ३६. तो वाद मिटवायला त्याला वेळच मिळाला नाही, आणि मिळता तरी मिटला असता असं मला वाटत नाही.

इतिहासाच्या पुस्तकांबद्दलही तेच. सी. एल. आर. जेम्सने १९३८ मध्ये हैतीच्या गुलामांच्या उठावावर लिहिलं. १७९१ ला पेटलेला उठाव, १८०४ ला स्वतंत्र देश, मधे नेपोलियनच्या फौजेचा पाडाव, असं कथानक कोणालाही भुरळ घालेल. पण जेम्स आपल्या नायकाला सोडत नाही. तुसां लुव्हर्त्यूर कुठे चुकला, आपल्याच माणसांना विश्वासात न घेता पुन्हा मळ्यांवर राबायला कसं लावलं, त्याविरुद्ध उठलेल्या पुतण्याला, मोईसला, गोळी कशी घातली, हे तो नीट दाखवतो. जेम्स हे लिहीत होता तेव्हा तिकडे मॉस्कोत स्टालिनचे जुन्या क्रांतिकारकांवर खटले चालू होते, आणि तो ट्रॉट्स्कीवादी, त्यामुळे ते प्रकरण वाचताना दोन काळ एकमेकांवर छापल्यासारखे दिसतात. नंतर १८२५ मध्ये फ्रान्सने याच हैतीकडून १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली, म्हणजे गुलाम गेले त्याचे पैसे गुलामांनीच मालकांना द्यायचे. हे माहीत नसताना हैती गरीब का या प्रश्नावर मत देणारे लोक मी बरेच ऐकलेत.

ई. पी. थॉम्पसनचं इंग्रज कामगारवर्गावरचं जाडजूड पुस्तक १९६३ चं. १९५६ मध्ये हंगेरीत सोव्हिएत रणगाडे घुसले तेव्हा तो कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडला होता, आणि पुस्तकातलं भांडण पक्षाच्या त्या कोरड्या मार्क्सवादाशीच आहे, जिथे वर्ग म्हणजे कोष्टकातला रकाना. यंत्रं फोडणाऱ्या लडाइटांना आजही आपण मागासलेले म्हणून चिडवतो, थॉम्पसन दाखवतो की ते कसबी कारागीर होते, कुठलं यंत्र फोडायचं आणि कुठलं सोडायचं ते ठरवून फोडत होते, आणि १८१२ ला संसदेने त्यावर थेट फाशीची शिक्षा ठेवली. एक कबूल करतो, पुस्तक फार लांब आहे आणि मधल्या धार्मिक पंथांच्या भागात माझी सहनशक्ती संपते.

आणि आंबेडकरांचं 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट', १९३६ चं. लाहोरच्या मंडळाने बोलावलेलं भाषण, मजकूर बघून त्यांनीच रद्द केलं, बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. त्यात समाजवाद्यांना थेट सवाल आहे की जात म्हणजे नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे, आणि क्रांतीच्या आधी या प्रश्नाला भिडला नाहीत तर नंतर भिडावंच लागेल. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत त्यांनी गांधींची टीका आणि तिला आपलं उत्तर असं दोन्ही जोडून टाकलं. विरोधकाचा मजकूर आपल्याच पुस्तकात! मला तर वाटतं डाव्या साहित्याची प्रत्येक आवृत्ती अशी निघायला हवी. एका इंग्रज प्रकाशकाने हे अर्धवट केलं होतं. लेफ्ट बुक क्लबच्या गोलान्झने १९३७ मध्ये ऑर्वेलचं कोळशाच्या पट्ट्यातल्या बेकारांवरचं पुस्तक सभासदांना पाठवलं, पण दुसऱ्या भागात ऑर्वेलने समाजवाद्यांचीच खिल्ली उडवलेली, तर गोलान्झने पुढे स्वतःची प्रस्तावना लावली की शंभराहून जास्त जागी मला वाद घालावासा वाटतोय. छापलं मात्र. नंतर ऑर्वेलचं स्पेनच्या यादवी युद्धावरचं पुस्तक गोलान्झनेच नाकारलं, कारण त्यात कम्युनिस्टांनी बार्सिलोनात आपल्याच डाव्या साथीदारांचं काय केलं ते येणार होतं. वाद शंभर जागी चालतो, एकशे एकाव्या जागी चालत नाही, असं काहीतरी.

आता नेहमीचा आक्षेप, की अशी पुस्तकं कोवळ्या डोक्यांना बिघडवतात, यांच्यापासून दूर ठेवलेलं बरं. क्यूबात १८६५ पासून सिगार वळणाऱ्या कामगारांनी आपल्यातला एक माणूस वाचायला बसवला, बाकीचे हात चालवत ऐकायचे, वर्तमानपत्रं, कादंबऱ्या, राजकारण सगळं, आणि वाचणाऱ्याचा पगार स्वतःच्या खिशातून द्यायचे. वर्षभरात सरकारने बंदी घातली. पुढे फ्लोरिडातल्या टँपाच्या कारखान्यांतही हीच प्रथा गेली, १९३१ मध्ये मालकांनी वाचक हटवले आणि त्या जागी रेडिओ लावले. ज्यांना बंदी घालावीशी वाटली त्यांना ऐकणाऱ्यांचं डोकं बिघडेल याची काळजी नव्हती, ते डोकं चालेल याची होती, हे उघड आहे. बाकी पुस्तक वाचून कोणी थेट बंदूक उचलतो ही कल्पना वाचनाला फारच मोठेपणा देते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, की हे सगळं जुनं झालं, भाकितं चुकली, आता काय करायचंय. भाकितं चुकली हे खरंच आहे. पण चुकतील अशी शंका खुद्द मार्क्सला होती. १८८१ मध्ये व्हेरा झासुलिच या रशियन क्रांतिकारक बाईने त्याला विचारलं की रशियातल्या शेतकऱ्यांच्या सामूहिक जमिनी मोडून आधी भांडवलशाही यावीच लागेल का, तुमचे शिष्य तर तसं छातीठोकपणे सांगतात. मार्क्सने मसुद्यावर मसुदे लिहिले, खोडले, आणि शेवटी छोटंसं उत्तर पाठवलं की माझं ते विवेचन पश्चिम युरोपापुरतं आहे. त्याच्या रशियन अनुयायांनी ते पत्र मिरवलं नाही, ते छापलं गेलं १९२० च्या दशकात, मार्क्स जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर. शिष्यांना गुरूची शंका नको होती.

आणि जुनं झालं म्हणणाऱ्यांनी एक चालू भांडण घ्यावं, घरकामाचं. १९७० च्या दशकात सिल्व्हिया फेदेरिची ही स्त्रीवादी आणि तिच्या साथीदारांनी मागणी केली की घरकामाला पगार द्या, कारण कामगार रोज सकाळी कामाला उभा राहतो तो कोणाच्या तरी फुकट श्रमावर, आणि मार्क्ससकट सगळ्यांनी ते श्रम हिशेबात धरलेच नाहीत. मग १९८१ मध्ये अँजेला डेव्हिस, अमेरिकेतली काळी कार्यकर्ती आणि पक्की कम्युनिस्ट, म्हणाली की पगार दिलात तर बाई त्याच चार भिंतींत कायमची अडकेल. काळ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या घरी पगारावर हेच काम केलं, त्याने त्यांची सुटका झाली का? त्यापेक्षा हे कामच समाजाने उचलावं, मोठ्या प्रमाणावर, सार्वजनिक खर्चाने. मी डेव्हिसच्या बाजूचा, पण फेदेरिचीचं लिखाण वाचल्यावर माझ्या बाजूतला एक खड्डा मला दिसतो, की समाजाने उचलायचं म्हणजे प्रत्यक्षात पुन्हा कमी पगारावर राबणाऱ्या बायकांनीच उचलायचं, पाळणाघरात, वृद्धाश्रमात, इस्पितळात. यावर डेव्हिसकडे मला पुरतं उत्तर सापडलेलं नाही आणि फेदेरिचीकडेही नाही. त्या दोघी लागोपाठ वाचून बघा, तुम्हाला सापडलं तर सांगा.